मंत्री उत्तर देतात, खरं काय देतात? : वाचकांचे प्रश्न

डिसेंबर तोंडावर आला की बेळगावात बॅरिकेड लागायला सुरुवात होते. सुवर्णसौधमध्ये कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन, त्याच्या पहिल्या दिवशी व्हॅक्सिन डेपोवर मराठी भाषिकांच्या महामेळाव्याची हाक, परवानगी मिळणार की नाही याची चर्चा, आणि साधारण त्याच दिवसांत तिकडं दिल्लीत संसदेचं अधिवेशन. त्यामुळं असेल, यावेळी आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावर आहेत : सुरक्षेवर प्रश्न विचारले की मंत्री जे बोलतात त्याचा अर्थ काय लावायचा. बाकीचे विषय (रेशनकार्ड, भूमापन, सातबारा) पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, टीव्हीवर बघतो मी नेहमी. कोणतरी खासदार उठतात, गुन्हे वाढालेत म्हणून विचारतात, आणि मंत्री "पोलीस आणि कायदा सुव्यवस्था राज्याचा विषय आहे" एवढं सांगून खाली बसतात. ते पण गृहमंत्री नव्हेतच, राज्यमंत्री. मग विचारायचं तरी कशाला ओ हे सगळं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : दादा, तुमचा वैताग बरोबर आहे, खरं ते वाक्य खोटं नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांची जी यादी आहे तिच्यात पहिलीच नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची. म्हणजे खानापूर पोलीस स्टेशनात तक्रार घेतली नाही हे दिल्लीतल्या मंत्र्याला विचारलं तर तो हात वर करणार आणि नियमाने त्याला तसं करता पण येतं, कारण लोकसभेच्या नियम ४१ मध्येच आहे की जो विषय मुळात केंद्र सरकारच्या अखत्यारीतला नाही त्याच्यावर प्रश्न घेता येत नाही. बऱ्याचदा सचिवालयातच तो प्रश्न गाळला जातो, सभागृहापर्यंत येतसुद्धा नाही.

गंमत इथून पुढं आहे. केंद्राकडं स्वतःच्या मालकीचं पण भरपूर काही आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ त्यांचं. २६/११ नंतर २००८ च्या डिसेंबरात कायदा करून उभी केलेली एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) त्यांची. राज्यांना पोलीस आधुनिकीकरणासाठी जातो तो पैसा त्यांचा. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारा एनसीआरबी त्यांचा. सायबर फसवणुकीचा १९३० नंबर आणि त्याचं पोर्टल पण त्यांचंच. ह्यातल्या कशावरही नेमकं विचारलं की "राज्याचा विषय" हे वाक्य पहिल्या ओळीत येतंच, सवयीनं येतं ते, खरं त्याच्या खाली आकडा पण द्यावा लागतो. आणि आपल्याला आकडाच पाहिजे असतो.

दोन उदाहरणं सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याबद्दल विचारलं, तेव्हाचे गृह राज्यमंत्री जी. किशन रेड्डी यांनी एनसीआरबीचे आकडे ठेवले : २०१६ ते २०१९ या चार वर्षांत या कायद्याखाली अटक ५,९२२ जणांना, दोषी ठरले १३२. (ती अटक आणि ती शिक्षा एकाच खटल्यातली असेलच असं नाही, खटले वर्षानुवर्षं चालतात, तरी फरक बघा केवढा.) सरकारवर टीका करणारे आजपर्यंत हाच आकडा वापरतात, आणि तो सरकारनंच दिलेला आहे. दुसरं उदाहरण जुलै २०२५ चं, लोकसभेतल्या उत्तरातून कळलं की २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले, आधीच्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. हे आपल्याला कुठल्या भाषणातून कळलं नसतं.

राज्यमंत्री का उत्तर देतात म्हणाल तर ती रीतच आहे, मोठ्या खात्यात लेखी उत्तरं बहुतेक राज्यमंत्र्यांच्या नावानंच जातात. उत्तर सरकारचं धरतात, माणसाचं नाही. बघायला बरं वाटत नाही हे मात्र खरं.

प्रश्न : तारांकित आणि अतारांकित यात फरक काय? – शहापूर, बेळगाव

उत्तर : तारांकितला मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्याच्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला नुसतं लेखी उत्तर, विषय संपला. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित लागतात, कोणाचा नंबर लागणार ते चिठ्ठीवर. तासभरात वीसच्या वीस क्वचितच होतात, पाच-सहा झाले तरी पुष्कळ, उरलेल्यांना लेखी उत्तर. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास अकरा ते बारा, राज्यसभेचा २०१४ पासून बारा ते एक. गृहखात्याचा वार लोकसभेत मंगळवार, राज्यसभेत बुधवार.

उपप्रश्न हीच खरी जागा आहे. लेखी उत्तर अधिकारी आठ-दहा दिवस घासूनपुसून लिहितात, त्यात आकड्यापलीकडं सापडत काही नाही. उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला समोरच उत्तर द्यावं लागतं, फाईलमध्ये चिठ्ठ्या लावलेल्या असतात तेवढाच आधार, तिथं कळतं माणसाला खातं किती माहीत आहे ते.

प्रश्न : नमस्कार मॅडम. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आमची पण गाडी कोगनोळीच्या अलीकडं अडकून पडलेली, ड्रायव्हर पोरगा घाबरून फोन करालता. मग २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टर मारहाणीवरनं दोन्हीकडच्या बसेस बंद. दोन राज्यांच्या मध्ये आम्ही मरालोय आणि संसदेत ह्याच्यावर कोण धड उत्तर का देत नाही? – ट्रान्सपोर्टवाला, निपाणी

उत्तर : ह्याला जरा सविस्तर लिहिते, कारण सीमाभागाचं दुखणं नेमकं इथं आहे.

२०२२ चंच बघू. ६ डिसेंबरला दगडफेक झाली, दुसऱ्याच दिवशी, ७ तारखेला, संसदेचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विषय काढला. कर्नाटकातले खासदार उठले, गोंधळ झाला, चर्चा काही झाली नाही. हे शून्य प्रहरातलं होतं (प्रश्नोत्तरं सोडून तातडीचे विषय मांडायची वेळ), आणि शून्य प्रहरात मंत्र्यावर उत्तर द्यायचं बंधन नसतं, बोललेलं रेकॉर्डवर जातं इतकंच. लोक त्यालाच प्रश्न विचारला म्हणतात आणि मग उत्तर आलं नाही म्हणून नाराज होतात.

रीतसर प्रश्न टाकला तरी दोन भिंती. पहिली ती राज्याच्या विषयाची. दुसरी न्यायप्रविष्ट असल्याची : सीमाभागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा टाकलाय, आणि कोर्टात असलेल्या विषयावर माहिती विचारायची नाही असं नियम ४१ मध्येच आहे. आता त्या दाव्यात प्रतिवादी म्हणून नुसतं कर्नाटक नाही, भारत सरकार पण आहे. म्हणजे ज्याला विचारायचं तोच कोर्टात पक्षकार, आणि कोर्टाचं कारण पुढं करून गप्प बसायची सोय पण त्यालाच. माझ्या मते हे जरा जास्तच सोयीचं आहे. जमीन कोणाची हा प्रश्न कोर्टात आहे मान्य, पण ट्रकच्या काचा कोणी फोडल्या आणि पुढं काय झालं हे कोर्टात कुठं आहे?

आणि इथं एक फट आहे, ती आपल्या लोकांनी वापरायला पाहिजे होती असं मला वाटतं. १४ डिसेंबर २०२२ ला अमित शहा यांनी दिल्लीत बोम्मई आणि शिंदे या तेव्हाच्या दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं. बाहेर येऊन त्यांनी स्वतः सांगितलं की सुप्रीम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत कोणी हक्क सांगायचा नाही, दोन्हीकडचे तीन-तीन मिळून सहा मंत्र्यांची समिती, आणि सीमेवर प्रवाशांना, व्यापाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून कायदा सुव्यवस्थेसाठी एका वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या हाताखाली वेगळी समिती. (त्यानंतर दोन आठवडे व्हायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी आपापले ठराव करून टाकले, कर्नाटकानं २२ ला आणि महाराष्ट्रानं २७ ला, ते सोडा.) ही बैठक केंद्राच्या गृहमंत्र्यांनी घेतली, समित्यांची घोषणा त्यांनी केली. म्हणजे "समितीच्या बैठका किती झाल्या, कधी झाल्या, आयपीएस अधिकाऱ्याच्या समितीनं अहवाल दिला का, फेब्रुवारी २०२५ मध्ये बसेस बंद झाल्या तेव्हा या समितीनं काय केलं" असं विचारलं तर राज्याचा विषय म्हणून उडवणं अवघड आहे. "सीमाप्रश्नावर सरकारची भूमिका काय" असं विचारलं की संपलं, एक परिच्छेद येतो, गुळगुळीत, त्यातनं काहीच हाताला लागत नाही.

बसचं म्हणाल तर ते खरोखरच दोन राज्यांच्या परिवहन खात्यांचं आहे, ते बेंगळूर आणि मुंबईच्या विधिमंडळात विचारायचं. तुमच्या गाडीच्या काचेचं सुद्धा तसंच, ते कर्नाटकच्या गृहमंत्र्यांना.

प्रश्न : महाराष्ट्र एकीकरण समितीचा एक पण आमदार आता विधानसभेत नाही. आमचे प्रश्न मांडणार कोण? आणि महामेळाव्याला दरवर्षी बंदी घालतात त्याचं उत्तर कोणाकडं मागायचं? – येळ्ळूर

उत्तर : होय, २०१८ ला नाही आणि २०२३ ला पण नाही. त्याची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, एका गावात समितीचे दोन-दोन उमेदवार कोणी उभे केले ते काय मी सांगायचं. खरं एक समजून घ्या, प्रश्न विचारायला समितीचाच आमदार लागतो असं नाही. तुमच्या भागाचा जो कोणी आमदार आहे त्याला लेखी द्या. विधान परिषदेचे सदस्य पण प्रश्न विचारू शकतात, हे लोक विसरतात. ते उचलणार नाहीत म्हणाल, शक्य आहे, खरं दिलेल्या पत्राची पोच घेऊन ठेवा, मतं मागायला येतील तेव्हा काढायला होते.

सुवर्णसौध २०१२ साली बांधून झाला, ११ ऑक्टोबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं, अधिवेशनं त्याच्या आधीपासून, २००६ पासून बेळगावात भरतात. इतकी वर्षं झाली, विधानसभा आपल्या दारात येते आणि आपण बाहेर रस्त्यावर. मला विचाराल तर दोन्ही करावं, मेळावा पण आणि आत प्रश्न पण. जमावबंदी ही पूर्वी १४४ कलमाखाली यायची, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. त्या आदेशात कारण लिहावं लागतं. तेव्हा प्रश्न असा पाहिजे : गेल्या पाच वर्षांत अधिवेशनाच्या काळात बेळगावात जमावबंदीचे किती आदेश काढले, प्रत्येकात कारण काय दिलं, किती जणांना ताब्यात घेतलं, किती जणांवर गुन्हे दाखल झाले, त्यातले किती मागे घेतले, बंदोबस्तावर खर्च किती. नुसतं "मराठी भाषिकांवर अन्याय का" विचारलं तर मंत्री म्हणणार, अन्याय होत नाही. संपलं.

अजून एक, बेळगाव शहराला पोलीस आयुक्त आहे आणि खानापूर, निपाणी, चिक्कोडी वगैरे जिल्ह्याचा भाग एसपीकडं (जिल्हा पोलीस अधीक्षक). प्रश्नात दोन्ही लिहिलं नाही तर उत्तरात फक्त एकाचेच आकडे येतात आणि आपल्याला वाटतं आकडा कमी झाला. २०१४ च्या जुलैमध्ये तुमच्या गावात "महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर" हा फलक काढल्यावर जो लाठीमार झाला, तेव्हाचं असं काही लेखी उत्तर कुठल्या आमदाराकडनं मिळवलं असेल तर मला जरूर पाठवा. आंदोलनाचे फोटो घरोघरी आहेत, सरकारचे कागद मात्र कमी जणांनी सांभाळलेत.

प्रश्न : संसदेतच पोरं उड्या मारून धूर सोडतात, आणि त्याच्यावर गृहमंत्री निवेदन करत नाहीत. ही कसली सुरक्षा? – निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

उत्तर : गुरुजी, १३ डिसेंबर २०२३ चं म्हणताय. २००१ च्या हल्ल्याला त्याच दिवशी २२ वर्षं पूर्ण झाली होती. प्रेक्षक गॅलरीतनं दोघांनी लोकसभेत उडी मारली, पिवळा धूर सोडला, आणि पास मिळाला होता आपल्याच राज्यातल्या म्हैसूरच्या खासदारांच्या सहीनं, म्हणून इकडं जास्त गाजलं. विरोधकांची मागणी एकच होती, गृहमंत्र्यांनी सभागृहात येऊन बोलावं. सरकारचं म्हणणं असं की संसद परिसराची सुरक्षा लोकसभा सचिवालयाच्या अखत्यारीत, तेव्हा अध्यक्ष बघतील. चौकशी मात्र गृहमंत्रालयानंच नेमलेल्या समितीनं केली, सीआरपीएफच्या महासंचालकांच्या हाताखाली. म्हणजे चौकशी त्यांची आणि उत्तर मात्र दुसऱ्याचं, हे मला पटत नाही.

पुढचं जास्त वाईट. गोंधळ केला म्हणून दोन्ही सभागृहं मिळून १४६ खासदार निलंबित झाले. आणि निलंबित झालं की त्या खासदाराच्या नावावरचे प्रश्न यादीतनं वगळतात, तसे ते वगळले गेले. विचारणारा बाहेर गेला की प्रश्न पण बाहेर. त्याच आठवड्यात तीन नवीन फौजदारी कायदे लोकसभेत २० ला आणि राज्यसभेत २१ ला मंजूर झाले, विरोधी बाकं बरीचशी रिकामी होती. वर जमावबंदीचं कलम बदललं म्हणून लिहिलं ना, ते त्यातलंच. विरोधकांनी फलक घेऊन मधे उतरायला नको होतं असं म्हणणारे आहेत, तेही ऐकलंय मी, नियमात बसत नाही हे खरंच. तरी एका निवेदनानं मिटलं असतं ते एवढं ताणलं.

प्रश्न : मंत्र्यांनी खोटं उत्तर दिलं तर? – कॉलेज विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : सरळ खोटं क्वचित देतात गं, तेवढे अधिकारी हुशार असतात. दिलंच तर हक्कभंगाची नोटीस आहे, आणि लोकसभेत अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली मंत्र्याची चूक खासदार दाखवून देऊ शकतो.

नेहमीचा प्रकार वेगळा असतो : विचारलंय तेवढंच, त्याच्यापेक्षा एक शब्द जास्त नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पेगॅसस (फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर) गाजत होतं तेव्हा राज्यसभेत संरक्षण मंत्रालयाला विचारलं, ते बनवणाऱ्या एनएसओ ग्रुपबरोबर व्यवहार झाला का. उत्तर आलं, संरक्षण मंत्रालयानं त्या कंपनीशी कसलाही व्यवहार केलेला नाही. दुसऱ्या दिवशी मथळे "सरकारनं नाकारलं". कुठं नाकारलं सरकारनं? एका मंत्रालयानं आपल्यापुरतं नाकारलं. दुसरा प्रकार जुलै २०२१ चा, सुरक्षेचा नाही पण युक्ती तीच. कोरोनाच्या लाटेबद्दल विचारलं तर उत्तर : आरोग्य राज्य विषय, आणि ऑक्सिजनच्या कमतरतेनं मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. आपल्याच चामराजनगरच्या सरकारी हॉस्पिटलात मे महिन्यात ऑक्सिजन नाही म्हणून पेशंट गेले ती रात्र लोक विसरले नव्हते तेव्हा हे उत्तर आलं. वाक्य तपासलं तर चूक सापडत नाही, केंद्रानं फक्त राज्यांनी काय कळवलं तेवढंच सांगितलं.

तिसरा प्रकार, "माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल." हे आश्वासन धरलं जातं, त्याच्यासाठी शासकीय आश्वासन समिती आहे, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, मुदतवाढ मागत मागत ते वर्षावर पण जातं. तू अभ्यास म्हणून एक कर, कुठलंही उत्तर घे आणि प्रश्नातल्या अ, ब, क, ड ला वेगवेगळी उत्तरं आहेत का बघ. "अ ते ड" असं एकत्र बांधून एक परिच्छेद टाकलेला असला की त्यातल्या निदान एकाचं उत्तर दिलेलं नसतं.

प्रश्न : आमच्या ओळखीचा एकजण म्हणतो दिल्लीत माणूस आहे, पैसे दिले तर संसदेत प्रश्न लावून देतो. खरं असतं काय हे? – नाव देऊ नका

उत्तर : देऊ नका पैसे. २००५ च्या डिसेंबरात ह्याच कारणानं ११ खासदारांची खासदारकी गेली, लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचे एक. प्रश्न विचारायला एक रुपया लागत नाही. खासदाराच्या ऑफिसला पत्र किंवा ईमेल करायचं, अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या झाल्या, कारण नोटीस किमान पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न १५० शब्दांच्या आत बसला पाहिजे, म्हणून तुम्हीच तो आटोपशीर करून द्या, त्यांच्या पीएला लिहायला लावू नका. आणि आधी आपला खासदार कोण ते बघा, हसू नका, खानापूरकरांचा जिल्हा बेळगाव पण मतदारसंघ उत्तर कन्नड, निपाणीचा चिक्कोडी. बेळगावच्या खासदाराकडं पत्रं टाकून वाट बघत बसणारे खानापूरचे लोक मला माहीत आहेत. आपला खासदार उचलत नसेल तर कोल्हापूरचा काय, चेन्नईचा खासदार पण विचारू शकतो, मतदारसंघाचं बंधन नाही.

प्रश्न : ही उत्तरं आम्हाला वाचायला कुठं मिळतात? मराठीत असतात काय? – कंग्राळी

उत्तर : संसद डॉट इन वर, फुकट, मंत्रालय आणि तारीख टाकून शोधायचं. हिंदी आणि इंग्रजीत असतात, मराठीत नाही. खासदार सभागृहात मराठीत बोलू शकतो, पण उत्तराचा कागद त्या दोनच भाषांत. कर्नाटक विधानसभेची उत्तरं कन्नडमध्ये, तारांकितला तिकडं चुक्के गुरुतिन प्रश्ने म्हणतात, शोधताना तेच टाकायचं. घरातल्या कन्नड शाळेत गेलेल्या पोरांना बसवा वाचायला. जिल्ह्यापुरते आकडे तिथं नसले तर माहिती अधिकारात दहा रुपये लावून एसपी ऑफिस किंवा आयुक्तालयाला विचारा, तीस दिवसांची मुदत आहे. अर्जात सभागृहातल्या उत्तराचा नंबर आणि तारीख घाला, मग "अशी माहिती ठेवली जात नाही" म्हणून परत पाठवणं त्यांना जड जातं.